न दुखणारी जागा

ट्रॉय, मिशिगन
८ फेब्रुवारी २००४

ती. मनोहरमामास,
साष्टांग नमस्कार.

तू ईमेल उघडत नाहीस आणि फोन आला की "थांब, सीमाला देतो" म्हणून रिसीव्हर मामीकडे सरकवतोस, म्हणून हे पत्र. डायलिसिसच्या खुर्चीत आठवड्यातून तीनदा चार-चार तास बसतोस आणि तेव्हा उजवा हात मोकळाच असतो. त्यामुळे उत्तराला वेळ नाही ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.

मला नोकरी लागली, आणि तीही डायलिसिसच्याच सेंटरमध्ये. म्हणजे आपल्या घराण्यात आता सुई टोचून घेणारा तू आणि टोचणारी मी. नागपूरला बारा वर्षं आयसीयू सांभाळला, इथली लायसन्सची परीक्षा पहिल्या फटक्यात पास झाले. तुझा भाचेजावई श्रीराम म्हणाला, आता नुसती रुबाबात जाऊन उभी राहा. कसला रुबाब आणि कसलं काय. मला इतर चार पोरींबरोबर शिकाऊ म्हणून बसवलंय.

शिकवणारी बाई मिस ओपल. डेट्रॉइटची, साठीला आलेली, जन्म याच कामात गेलेला. आवाज कधी चढवत नाही, कारण तशी वेळच कुणी येऊ देत नाही. तिचा हुकूम असा की सुरुवातीला सुईला हात लावायचा नाही. पेशंटच्या हातावर बोटं ठेवायची आणि डोळे मिटायचे. शीर कुठून निघते, कुठे वळते, कुठे खोल जाते ते बोटांनी ओळखायचं. आम्ही पाच बायका दिवसभर डोळे मिटून परक्यांचे हात चाचपतोय. आंधळी कोशिंबीर नुसती. त्यानंतर मग प्लॅस्टिकचा हात. तो टोचला की लाल पाणी येतं आणि बाई म्हणते, "नाइस. नाउ डू इट अगेन."

मी तिला सांगितलं की लाइट गेलेले असताना टॉर्चच्या उजेडात मी मरणाऱ्या माणसांना सुया लावल्यात. ती म्हणाली, "हनी, युअर पेशंट्स वेअर अनकॉन्शस. माइन व्होट."

हे खरंच आहे बरं का. आमच्याकडे दर महिन्याला पेशंट कार्डावर खूण करतात, 'आज दुखलं का? हो / नाही.' ज्या नर्सला सर्वांत जास्त 'नाही' मिळतात तिला 'गोल्डन नीडल'. पितळेची सुई, लाकडी ठोकळ्यावर उभी. ती मी मिळवणार आहे. मिस ओपलच्या नाकावर टिच्चून मिळवणार आहे.

मामीला नमस्कार. संत्री खात नाहीस ना?

तुझी,
नीलांबरी


शॉमबर्ग
३ मार्च २००४

चि. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आलं तर समजून घे, मशीन चालू आहे. नागपूरच्या माणसाला संत्रं खायला बंदी, यापेक्षा मोठी शिक्षा कोणत्या कोर्टाने दिली असेल? पोटॅशियम म्हणे. केळं नको, नारळ नको, बटाटा दोनदा उकडून. तुझी मामी आता स्वयंपाक करत नाही, प्रयोग करते.

तू रोज शंभर हात बघतेस, तरी माझा कसा आहे ते सांगतो. सर्जनने डाव्या हातात शीर आणि धमनी जोडून दिली, त्याला तुम्ही फिस्ट्युला म्हणता. आता ती शीर अंगठ्याएवढी जाड झाली आहे आणि बोट ठेवलं की आत दळण चालू असल्यासारखी घरघर लागते. डॉक्टर म्हणाला, मिस्टर सबनीस, हा हात म्हणजे तुमचा जीव, जपा. मी म्हटलं, सव्वीस वर्षं कंपनीत क्वालिटी सांभाळली, एक हात सांभाळता येणार नाही का?

पण टोचणाऱ्यांची क्वालिटी कोण सांभाळणार? आमच्याकडे शेरिल नावाची एक जाडजूड बाई आहे, ती फुलासारखी सुई घालते. आणि दुसरी आहे आन्या. आपल्या मंडळातल्या गुरुनाथ पाटणकरची मुलगी, इथेच जन्मलेली, कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली. ही पोरगी दर वेळी नवीन जागा शोधते. भाड्याचं घर बदलावं तशी. मी म्हटलं, "अगं, मागच्या वेळची जागा काय वाईट होती?" तर म्हणते, "काका, वी हॅव टू मूव्ह अप द आर्म. लाइक अ लॅडर." आणि ठणकन दुखतं. नाचता येईना अंगण वाकडं. मी सरळ सांगितलं की मला शेरिलच पाहिजे.

तुमच्या त्या पितळी सुईची कल्पना मात्र मला बेहद्द आवडली. मोजमाप नाही तिथे सुधारणा नाही, हे मी लोकांना सांगून सांगून रिटायर झालो. जिंक तू. मंडळाच्या सत्कार समितीचा मी अजून अध्यक्ष आहे, हे लक्षात ठेव.

तुझा,
मनोहरमामा


ट्रॉय
१६ मे २००४

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

जिंकले. पितळी सुई आमच्या टीव्हीवर विराजमान आहे. श्रीराम येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, आणि लोकांना वाटतं मी शिवणकामात पहिली आले.

गुपित फक्त तुला सांगते. ज्या जागी पुष्कळदा टोचलेलं असतं ना, तिथली कातडी बधिर होते आणि खालची शीर ऐसपैस होते. तिथे सुई डोळे मिटूनही जाते (मिस ओपलची शिकवणी अशी उपयोगी पडली) आणि पेशंटला कळतही नाही. मग दर वेळी त्याच दोन बोटांच्या जागेत टोचायचं. आमचा मिस्टर कोवाल्स्की, मोटारीच्या कारखान्यातला म्हातारा, रडका म्हणून प्रसिद्ध. तो आता मला बघितलं की बाही वर करून बसतो. "गिव्ह मी द इंडियन लेडी" म्हणतो. इतर जणींनी तोंडं वाकडी केली. करू देत.

बक्षीस दिलं त्या दिवशी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला. मिस ओपलने केक खाल्ला नाही. मला बाजूला घेऊन म्हणाली, "यू आर नॉट क्लायंबिंग, नीला." म्हणजे तीच शिडी. सुई हातभर वर-वर सरकवत न्यायची, मग पुन्हा खालून सुरुवात. पुस्तकात आहे ते मलाही माहीत आहे. पण पुस्तकाला मत देता येत नाही. बाईला जळफळाट झालाय, दुसरं काय. पंचवीस वर्षांत एकदाही ती सुई तिला मिळालेली नाही, हे मी रेकॉर्डमध्ये बघून घेतलं.

तुझ्या शेरिलला सांग, मिशिगनहून सल्ला आला आहे. जागा बदलू नकोस म्हणावं.

तुझी विजयी,
नीलांबरी


शॉमबर्ग
२० जून २००४

चि. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद आणि त्रिवार अभिनंदन.

तुझा सल्ला शब्दशः अमलात आणला आहे. शेरिलला म्हटलं, माझी भाची मिशिगनची नंबर एक सुई आहे, तिचं म्हणणं असं असं. ती म्हणाली, "वॉटएव्हर यू वॉन्ट, सर." गिऱ्हाइकाशी असं बोलावं. तेव्हापासून कोपराच्या जरा वर तीच जागा, आणि सुई गेलेली समजतसुद्धा नाही. परवा तर मी झोपेतच होतो.

इथेच थांबलो असतो तर तुझा मामा कसला? मॅनेजरला भेटून तीन पानी योजना दिली. आमच्या सेंटरलाही आता 'गोल्डन नीडल' सुरू झाली आहे. कार्डाचा मसुदा माझा (आमच्याकडे ते दर खेपेला भरायचं), आलेख माझा. पहिलं बक्षीस अर्थातच शेरिलला. नुसती ट्रॉफी काय द्यायची, म्हणून मी मंडळाकडून शाल आणि नारळ घेऊन गेलो आणि चारचौघांत, म्हणजे चौदा खुर्च्यांत, तिचा सत्कार केला. माझ्या एका हाताला नळ्या असल्याने शाल पांघरवायला सीमा पुढे झाली. शेरिलने नारळ कानाशी हलवून पाहिला आणि विचारलं, "डू आय प्लांट इट?"

आन्या शेवटून पहिली आली. चौदा खुर्च्यांतून तिला सगळ्यात जास्त 'हो'. मी गुरुनाथला फोन करून प्रेमाने सांगितलं की मुलीला दुसरी लाइन बघ म्हणावं. ऑफिस वगैरे. त्याने 'बघतो' म्हणून फोन ठेवला. सत्य कडू असतं.

आता मुख्य बातमी. सप्टेंबरात मंडळाचा गणेशोत्सव आहे. त्यात तुझा सत्कार ठरला आहे. 'सातासमुद्रापार सुईचं सोनं करणारी भगिनी' असा मथळा मी कळवून टाकला आहे. पैठणीत ये. शाल आणलेली आहे.

तुझा,
मनोहरमामा


ट्रॉय
२५ जुलै २००४

ती. मामास,
साष्टांग नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. कामात होते.

दोन गोष्टी. सत्कार रद्द कर, मला नको आहे. आणि शेरिलला सांग की जागा बदलत जा. मी आधी लिहिलं होतं ते सोडून दे. पद्धती बदलत असतात.

मामी बरी आहे ना? इकडे उन्हाळा फार आहे.

तुझी,
नीलांबरी


शॉमबर्ग
८ ऑगस्ट २००४

चि. नीलांबरीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र मी सीमाला मोठ्याने वाचून दाखवलं आणि आम्ही दोघेही हसलो. कळलं बरं. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. शेरिलचा सत्कार तुझ्याआधी झाला, तो तुला लागला. अगं, वेडी का तू? ती गावपातळीवरची, तू आंतरराष्ट्रीय. सत्कार रद्द होणार नाही, पत्रिका छापून झाल्या.

आणि आधी एक सांगायचं, मग 'पद्धती बदलतात' म्हणायचं? आमच्या कंपनीत असा इंजिनियर आला की मी त्याची बदली पॅकिंगमध्ये करत असे. चालू गाडीला खीळ घालू नये. माझं छान चाललंय. ती जागा आता इतकी सरावली आहे की लिंबाएवढी टरारून वर आली आहे. शेरिलला शोधावीसुद्धा लागत नाही. वर कातडी कशी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे. सीमा म्हणते, म्हातारपणी दंड कमावलास.

त्या आन्याने मात्र परवा जाता जाता माझ्या हाताकडे बघितलं आणि शेरिलशी काहीतरी कुजबुजली. मग मॅनेजरकडेही गेली म्हणतात. शेवटचा नंबर आला की माणसं चहाड्या करतात.

साडीचा रंग कळव, हाराची फुलं त्यावर ठरवतो.

तुझा,
मनोहरमामा


ट्रॉय
१२ ऑगस्ट २००४

मामा,

काल रात्री फोनवर तू मला बोलू दिलं नाहीस. मी हाताबद्दल विचारलं की तू हारांबद्दल सांगत होतास, आणि शेवटी फोन मामीला दिलास. मामीला सगळं सांगितलंय. तिने तुझ्या डॉक्टरला फोन केलाय की नाही ते मी आजही विचारणार आहे. तरी हे लिहिते, कारण कागद तरी तू मामीकडे सरकवणार नाहीस.

तो दंड नाही. ती फाटायला आलेली शीर आहे.

एकाच जागी सुया मारल्या की तिथली भिंत सैल पडते, पायजम्याच्या इलॅस्टिकसारखी. ती फुगते. वरची कातडी पातळ होते, म्हणून चकाकते. म्हणून दुखत नाही. दुखत नाही ती जागा चांगली नसते मामा, मेलेली असते. आणि फुटली तर आतला जोर धमनीचा आहे. काही मिनिटं मिळतात.

मला हे कसं माहीत, ते मागच्या पत्रात लिहायची हिंमत झाली नाही. मिस्टर कोवाल्स्की आठवतो ना, माझं हुकमी मत? जुलैत तो घरी दाढी करत होता. खपली निघाली आणि बाथरूमभर रक्त झालं. बायकोने टॉवेल दाबून धरला म्हणून वाचला. तो हात गेला. आता छातीत नळी खुपसून डायलिसिस चालतं. आंघोळ नाही, दर महिन्याला इन्फेक्शनची धास्ती. त्याच्या हातावर एका रुपयाएवढ्या जागेत सगळी भोकं होती आणि त्यांतली निम्म्याहून अधिक माझी होती.

आणि सगळ्यात वाईट ऐक. इस्पितळातून त्याने कार्ड भरून पाठवलं. 'दुखलं का? नाही.' नाव माझं. जुलैची पितळी सुईही मलाच मिळाली. मिस ओपलने ती माझ्या हातात दिली आणि पुढच्या पेशंटकडे वळली. तिने चार शिव्या दिल्या असत्या तर मी रात्री झोपले असते.

शेरिलला सुई लावू देऊ नकोस. आन्याने मॅनेजरकडे केली ती चहाडी नव्हती. अख्ख्या सेंटरात तुझ्या हाताकडे बघणारी ती एकटी आहे. तिला तू शेवटून पहिली आणलीस, माझ्या सल्ल्याने.

शनिवारी श्रीराम मला घेऊन येतोय. सर्जनकडे मी बरोबर येणार आहे. पैठणी आणणार नाही.

नीलांबरी


शॉमबर्ग
१७ ऑक्टोबर २००४

चि. नीलांबरीस,
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होतो. लाज नावाची गोष्ट मला उशिरा वाटते, पण वाटते.

सर्जनने लिंबू काढून टाकलं, शीर शिवली. हात वाचला. तो काय म्हणाला ते तू गेल्यावर पुन्हा विचारून घेतलं. खालचा भाग कामातून गेला, पण वरचा भाग धड आहे आणि सुया तिथे घालता येतील. त्या धड भागावर बारीक पाच-सहा खुणा आहेत, नीट अंतर सोडून चढत गेलेल्या. त्या आन्याच्या. मी तिला हाकलण्याआधी तिला जेवढ्या पायऱ्या चढता आल्या तेवढ्या.

शेरिलला मी जाब विचारायला गेलो. ती शांतपणे म्हणाली, "सर, यू आस्क्ड फॉर इट." क्वालिटीवाल्याला गिऱ्हाइकाचं सर्टिफिकेट दाखवलं तिने. शाल तिने घरी सोफ्यावर घातली आहे म्हणे.

मग आन्याला मी स्वतः मागून घेतलं. मॅनेजर चकित झाला. ती आली तर चेहरा असा की जणू तोंडावर दार आपटलेल्या घराची बेल पुन्हा वाजवायला सांगितली आहे. मी माफी मागायची तयारी करून गेलो होतो, इंग्रजीत आणि मराठीत. तिने मला बोलूच दिलं नाही. हातावर बोटं ठेवली आणि डोळे मिटले. बराच वेळ. तुझ्या मिस ओपलची आंधळी कोशिंबीर मला तेव्हा समोर दिसली आणि पहिल्यांदा हसू आलं नाही. मग म्हणाली, "काका, धिस विल हर्ट."

दुखलं. चांगलं सणसणीत दुखलं. मी आनंदाने कार्डावर 'हो'वर खूण केली. पुढच्या वेळीही 'हो', त्याच्या पुढच्याही वेळी ठळक 'हो'. मला वाटलं, मी तिला शाबासकी देतोय.

मध्यंतरी एक दिवस ती येईना. चौकशी केली तर कळलं की लागोपाठ इतके 'हो' आल्यामुळे तिला सुधारणा वर्गात बसवलं आहे, आणि अजून एक महिना आकडा असाच राहिला तर काढून टाकणार. आलेखावर तिच्या नावाची लाल रेघ. आलेख कुणाचा? माझा. लाल रंग कुणी सुचवला? मी.

गेलो मॅनेजरकडे. म्हटलं, अहो, हे 'हो' चांगले 'हो' आहेत. तो म्हणाला, "मिस्टर सबनीस, नंबर्स आर नंबर्स." हे वाक्य मी सव्वीस वर्षं लोकांना ऐकवलं गं. समोरून कसं लागतं ते माहीत नव्हतं. मग मी बाही वर केली, टाके त्याच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, हे तुमचं पहिलं बक्षीस.

त्याने विचार करू म्हटलं. विचार केला आणि कार्डाचा रंग निळ्याचा हिरवा केला. योजना बंद करत नाहीत, वरच्या ऑफिसला फार आवडली आहे. इतर सेंटरांतही लावणार आहेत. माझ्या नावाने मला आभाराचं पत्र आलं आहे, ते मी फाडलं. आयुष्यातला पहिला सत्कार मी नाकारला, लिहून ठेव.

मग मी दुसरं केलं. खुर्ची-खुर्चीला जाऊन हात दाखवला. माझ्या शेजारचा म्हातारा आधी म्हणाला, मला दुखतं त्यापेक्षा हे बरं. मी त्याला टाक्यांवर बोट फिरवायला लावलं. आता आमच्या पाळीचं कुणीच कार्ड भरत नाही. हिरव्या कार्डांचा गठ्ठा तसाच पडून आहे. आकडाच नाही तर रेघ कसली काढणार? आन्या सोमवारी परत आली. गुरुनाथला मी फोन केला. त्याने दोन मिनिटं मला बोलू दिलं आणि 'ठीक आहे' म्हणून ठेवून दिला. त्याचा राग अजून गेलेला नाही, आणि जावा असं मी अजून काही केलेलंही नाही.

तुझ्या सत्काराचा नारळ सीमाने फोडून वड्या केल्या. मला एकही मिळाली नाही, पोटॅशियम. शाल मात्र मी घेतली. मशीनवर बसलं की थंडी फार वाजते, आणि तुमच्यापैकी कुणी सांगितलं नव्हतं की सत्काराच्या शालीला ऊब असते.

मिस ओपलला माझा नमस्कार सांग. तिला ती पितळी सुई कधीच मिळाली नाही असं तू लिहिलं होतंस. तिच्या पेशंटांपैकी किती जणांचे हात शाबूत आहेत, ते मात्र कुणी मोजलं नसेल.

आन्या आली आहे. डोळे मिटून उभी आहे. आज ती मराठीत म्हणाली, "काका, दुखेल हं." मी म्हटलं, दुखू दे बाई.

पुढे लिहीत नाही, हात तिला द्यायचा आहे.

तुझा,
मनोहरमामा